जुनी मिड-इंजिन गाडी घेताय? या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, मुंबईची पोर्शे बॉक्स्टर मिळतीय, फॉर्च्युनरपेक्षा स्वस्त. घेऊ का?" इंजिन बघितलंस का, असं विचारलं की फोटो येतो, तोही डिकीचा. पुढं डिकी, मागं डिकी, आणि इंजिन सीटच्या पाठीमागं झाकलेलं. जे दिसत नाही ते बघायचंच नाही, इथूनच सगळा घोटाळा सुरू होतो.

माझी 2010ची बॉक्स्टर, 987 मालिकेतली. 2.9 लिटर, सहा गिअर, मॅन्युअल. खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः करून बसलोय.

सगळ्यात मोठी चूक कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची. इंजिन मध्ये असलं तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. म्हणजे पाणी अख्ख्या गाडीच्या पोटाखालनं पुढं जाणार, गार होऊन परत येणार. त्यामुळं सिस्टीममध्ये वीस लिटरच्या आसपास कूलंट मावतं. साध्या हॅचबॅकच्या हिशेबानं वरून पाच-सात लिटर ओतलं आणि टाकी भरलेली दिसली, की लोक झाकण लावून मोकळे होतात.

मी पण झालो होतो. डिसेंबर महिना, एक होज गळायला लागला. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं नेली. माणूस हाताचा सोन्याचा, पण ही गाडी त्याच्याकडं पहिल्यांदाच आलेली. संध्याकाळी मला निपाणीला जायचं होतं, म्हणून "भावा, आवर लवकर" म्हणत मीच डोक्यावर उभा. होज बसला, कूलंट ओतलं, टाकी काठोकाठ. गोकुळ शिरगाव ओलांडलं आणि एरवी 80च्या आसपास चिकटलेला काटा वर सरकायला लागला. हीटर फुल्ल केला, तर गार वारा! इंजिन तापलंय आणि हीटर गार, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नाही, मध्ये हवा अडकलीय. तिथंच बाजूला घेऊन बंद केली म्हणून इंजिन वाचलं. पुढचे दोन तास उसाच्या ट्रॉल्या मोजत बसलो.

याला खरा उपाय म्हणजे व्हॅक्यूम लावून भरणं. आधी सिस्टीममधली हवा ओढून घ्यायची, मग कूलंट आपोआप आत खेचलं जातं. माझी सवय त्याहून साधी आहे. जुनं कूलंट काढताना ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये मोजून ठेवतो. निघालं अठरा आणि गेलं अकरा, तर उरलेली सात लिटर हवा आहे. मिस्त्री हसतो. हसू दे.

त्याच वेळी बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत उसाचं पाचट, तुऱ्याचा कापूस आणि चिखल यांचा नमदा जमलेला, दोन मुठी भरून. पुढनं जाळीतनं यातलं काहीच दिसत नव्हतं. आता गळीत हंगाम संपला की दरवर्षी बंपर उतरवतो. पाण्याचा प्रेशर मात्र कमी ठेवायचा, नाहीतर रेडिएटरच्या पात्या चेपतात.

दुसरी चूक घाटातली. या गाडीचं वजन मधोमध असल्यामुळं ती वळायला चपळ, आणि फिरायला लागली की तेवढ्याच चपळाईनं फिरते. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येतं. माझ्या मित्राचं गगनबावड्याच्या वाटेवर, साळवणच्या पुढं, ओल्या रस्त्यावर नेमकं हेच झालं. "मजा येईना" म्हणून पठ्ठ्यानं स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, बंद केलेलं. गाडी अर्धी फिरून चरात जाऊन बसली, तोंड कोल्हापूरकडं. त्याला खरचटलं नाही, मागचा बंपर मात्र गेला.

त्याचे टायर बघितले तर नक्षी जवळपास नव्यासारखी. बाजूचा चार आकडी कोड मात्र 1112, म्हणजे 2012चा अकरावा आठवडा. अशा गाड्या वर्षाला हजारभर किलोमीटर चालतात, त्यामुळं टायर झिजत नाहीत, नुसते वाळतात. रबर लाकडासारखं झालेलं. मी सहा वर्षांनंतर नक्षी बघतच नाही, चारही बदलतो. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, त्यामुळं पुढचे-मागचे आलटून पालटून लावायचा जुगाड इथं चालत नाही. आणि ज्याला शेपूट बाहेर काढायचीच हौस आहे त्यानं आधी कार्टिंग करावं. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे रेसर ज्या गावातनं निघाले, तिथल्या पोरांनी शिकायला घाट निवडावा हे मला पटत नाही.

बाकीचं थोडक्यात. 2009च्या फेसलिफ्टच्या आधीची गाडी असेल तर इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनाच्या आतल्या एका दांड्याच्या) बेअरिंगची चौकशी केल्याशिवाय टोकन देऊ नका. नंतरच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. छताच्या कडेच्या पाणी जाण्याच्या वाटा पावसाळ्याआधी मोकळ्या करा, नाहीतर पाणी थेट कार्पेटखाली. 2019 किंवा 2021च्या पुरात गाडी कुठं उभी होती, हे विचारायला लाजू नका. जॅक ठरलेल्या जागीच लावा. स्पीडब्रेकर तिरका घ्या, मागचा हॉर्न वाजवू दे.

आणि बॅटरी. ती पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही! त्यासाठी पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये बाहेर ओढायचा लाल टर्मिनल दिलेला असतो. त्याला दुसऱ्या बॅटरीची प्लसची वायर लावायची, मायनसची दाराच्या लोखंडी कडीला, की कुलूप सुटतं. हे मला कळलं ते जुलैच्या पावसात, रंकाळ्यावर, तोंडात मोबाइलची टॉर्च धरून. आणि भोवती सल्ले देणारी दहा माणसं, त्यातले चार म्हणत होते, "ढकला की!"