डीएनएवरून नाती लावायला शिकताय? आधी सोयरिकी समजून घ्या

आधी दोन शब्द: एसटीआर म्हणजे डीएनएत छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो अशा जागा, एसएनपी म्हणजे एका अक्षराचा फरक असलेल्या जागा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो हा सीरियल किलर पकडला गेला, तेही जीईडीमॅच या, लोक स्वतःचा डीएनए डेटा टाकतात त्या वेबसाइटवरच्या दूरच्या नातेवाइकांवरून माग काढत, आणि आता फॉरेन्सिकला येणारी आपली जळगाव-धुळ्याची पोरं पहिलं हेच विचारतात की असलं काम इथे कुठे मिळेल. नाही मिळणार भो, आत्ता तरी. इथल्या लॅबचं रोजचं काम एसटीआरचं, विसेक जागा बघायच्या, त्यावरून बाप-लेक कळतात, दूरचा भाऊबंद नाही, त्याला लाखो एसएनपी लागतात. डीएनए डेटाबँकेचं २०१९ चं बिलसुद्धा सरकारने २०२३ ला मागे घेतलं.

तरी शिका, बेवारस मृतदेहाची ओळख पटवताना नात्यांचं हेच गणित लागतं.

आता खरी मेख. सेंटिमॉर्गनचे (जुळणाऱ्या डीएनए तुकड्यांची लांबी मोजायचं माप) नेटवरचे तक्ते बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांच्या डेटावरचे, आणि आपल्याकडे मामाची पोरगी करतात, सख्ख्या भावांना सख्ख्या बहिणी देतात, दहा गावांतच सोयरिकी फिरतात. मला सरावाला मिळालेल्या डेटात दोन पोरांचं १७०० च्या आसपास सेंटिमॉर्गन जुळत होतं, सॉफ्टवेअर म्हणे सावत्र भाऊ, म्हणजे बाप एक आया दोन. तसं धरून वंशावळ लावली तर कुठेच बसेना, डोकं फुटायची वेळ आली. शेवटी त्यांची आजी म्हणाली, अरे बाप भाऊ-भाऊ अन् आया बहिणी-बहिणी! साध्या चुलतभावांत सरासरी साडेबारा टक्के जुळतं, असं दुहेरी नातं असलं की २५, म्हणजे सावत्र भावांइतकंच. फरक कळतो तो आईकडची अन् बापाकडची अशा दोन्ही प्रती जुळतात त्या भागांवरून. दुहेरी भावांत असे भाग सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास असतात, सावत्रांत नसतात (आयाच नात्यातल्या असल्या तर पुन्हा घोळ). म्हणून नुसती बेरीज बघू नका, सगळ्यात लांब तुकडाही बघा. बारीक तुकड्यांचाच ढीग असेल तर ते जुन्या सोयरिकींचं, त्याला जवळचं नातं समजू नका.

आडनावावर तर अजिबात जाऊ नका, खान्देशात पाटील-चौधरी कितीतरी जातींत आहेत. तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची) नक्कल काढायला शिका, जातवैधतेसाठी चपला झिजवलेल्या काकांना हे तुमच्या प्रोफेसरपेक्षा जास्त येतं. वीकेंडचे सर्टिफिकेट कोर्स म्हणजे पैसे पाण्यात, आणि जे सर रॉ डेटा हातात देत नाहीत ते कितीही मोठे असोत, त्यांच्याकडे वेळ घालवू नका.

सुरुवातीला सेगमेंटचे, म्हणजे जुळणाऱ्या तुकड्यांचे, तक्ते डोक्यावरून जातात, सगळ्यांच्याच जातात, घाबरू नका. घरची चार पिढ्यांची वंशावळ हाताने काढा, आत्या कुठे दिली, आजी कुठून आणली ते सगळं लिहून. फक्त घरच्यांना न विचारता त्यांचा डेटा कुठेही अपलोड करू नका, त्यात ज्यांना तुम्ही कधी बघितलंही नाही अशा भाऊबंदांचंही उघडं पडतं.