आयर्लंडचा मंत्री कामाचा की नुसता फीत कापणारा, हे ताडायचं कसं

लिओ वराडकर २०१४ मध्ये आयर्लंडचे आरोग्यमंत्री झाले, तेव्हापासून कुडाळच्या काकांचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला: "आपलो माणूस काम कसा करता रे?" वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, म्हणून 'आपलो'. मी डब्लिनमधून छातीठोकपणे उत्तर द्यायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो. भारतीय नागरिकाला इथे फक्त स्थानिक निवडणुकीत मत असतं. २०१६ मध्ये नागरिकत्व मिळून डॉलसाठी, म्हणजे इथल्या लोकसभेसाठी, पहिल्यांदा मत दिलं आणि तेव्हापासून दर निवडणुकीआधी मंत्र्यांच्या कामाचा हिशेब लिहायला वही घेऊन बसतो. तिची रीत ही अशी.

आधी दोन सल्ले डोक्यातून काढा. एक, टीव्हीवरची वादचर्चा बघून ठरवा. त्यातून माणूस बोलतो कसा एवढंच कळतं. दोन, त्या विषयातला तज्ज्ञ असेल तर मंत्री चांगला. जेम्स रायली आणि वराडकर, लागोपाठ दोन आरोग्यमंत्री डॉक्टर होते. तरी इमर्जन्सीत ट्रॉलीवर ताटकळणारे रुग्ण काही हटले नाहीत. उलट १९६६ मध्ये मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा करणारे डोना ओमॅली शिकलेले होते इंजिनिअरिंग. मंत्रिमंडळाची रीतसर मंजुरी न घेताच त्यांनी ती करून टाकली आणि पुढच्याच वर्षी योजना सुरूही झाली.

पायरी १. एकच मंत्री घ्या. "सरकार कसं आहे" हा चहाबरोबरचा विषय.

पायरी २. खातं हातात घेतल्याची आणि सोडल्याची तारीख लिहा.

पायरी ३. सरकार स्थापन होताना जाहीर होणाऱ्या लेखी कार्यक्रमातून आणि ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पातून फक्त आकडा किंवा मुदत असलेली वचनं उतरवा. "कटिबद्ध आहोत" वगैरे गाळा.

पायरी ४. कोणाचं काम, कोणाच्या नावावर?

सगळे घसरतात ते इथे. मीही घसरलो. २०१५ च्या जुलैत सहा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली डॉक्टरची सेवा मोफत झाली आणि मी काकांना कळवून टाकलं, बघा, आपल्या माणसाने केलं. नंतर तारखा लावून बघितल्या. घोषणा ऑक्टोबर २०१३ च्या अर्थसंकल्पातली, तेव्हा आरोग्यमंत्री रायली. डॉक्टरांच्या संघटनेशी करार जमवून ती प्रत्यक्षात आणली वराडकरांच्या काळात. काकांना दुरुस्ती कळवली तर म्हणाले, "म्हणजे अर्धोच?" हो, अर्धाच. इथे योजनेला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर खातं दुसऱ्याकडे गेलेलं असतं. फीत कापणारा बऱ्याचदा आयत्या बिळावरचा नागोबा असतो, आणि शिव्या खाणाराही बऱ्याचदा आधीच्याचं कर्ज फेडत असतो.

म्हणून प्रत्येक गोष्टीपुढे मी तीन प्रश्न लिहितो. निर्णय कोणाच्या काळात झाला? गडबड मंत्र्याला कधी कळली? कळल्यावर त्याने काय केलं? तिसऱ्या प्रश्नाला माझ्या हिशेबी पहिल्या दोघांपेक्षा दुप्पट वजन.

डब्लिनच्या राष्ट्रीय बाल रुग्णालयावर हे करून बघा. सेंट जेम्स रुग्णालयाच्या आवारातली जागा ठरली नोव्हेंबर २०१२ मध्ये, रायलींच्या काळात. बांधकामाला सुमारे ९८ कोटी युरो मंजूर झाले २०१७ मध्ये, सायमन हॅरिस आरोग्यमंत्री असताना. दोन वर्षांच्या आत आकडा १४३ कोटींवर गेला, तेव्हाही तेच मंत्री. २०२४ मध्ये, स्टीफन डॉनेली यांच्या काळात, कमाल मर्यादा २२४ कोटींवर नेली. आता खापर कोणाच्या डोक्यावर फोडणार? खर्च वाढला म्हणून मी हॅरिसना नापास करत नाही; बांधकाम सांभाळायला वेगळं मंडळ आहे. पण २०१८ च्या उन्हाळ्यात खर्च फुगल्याचं त्यांना कळलं होतं, आणि तरीही सप्टेंबरमध्ये त्यांनी डॉलमध्ये दिलेल्या लेखी उत्तरात त्याचा मागमूस नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याबद्दल त्यांना सभागृहाची माफी मागावी लागली. माझ्या वहीत लाल रेघ पडली ती या उत्तराला.

"वारसा मिळाला" ही सबब कुठवर चालवून घ्यायची, याचा माझा नमुना मतदान यंत्रांचा. नोएल डेम्पसी पर्यावरणमंत्री असताना २००२ च्या निवडणुकीत तीन मतदारसंघांत ती आजमावली. पुढचे मंत्री मार्टिन कलन यांनी देशभरासाठी रेटली. २००४ मध्ये स्वतंत्र आयोगाने शिफारस करायला नकार दिला आणि सुमारे साडेपाच कोटी युरोंची यंत्रं गोदामात गेली. २०१२ मध्ये ती भंगारात निघाली, आले सुमारे ७० हजार. सुरुवात कलन यांची नव्हती, पण थांबणं त्यांच्या हातात होतं. तो गुण मी त्यांचाच कापतो. आणि डेम्पसींना सरसकट निकालात काढू नका: मार्च २००२ पासून प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट आकारणी सुरू झाली, पिशव्या जवळजवळ नाहीशा झाल्या, तेही याच माणसाचं काम. एकाच माणसाच्या पानावर हिरवी आणि लाल रेघ शेजारीशेजारी येते. सरासरी काढू नका.

पायरी ५. डॉलमधली प्रश्नोत्तरं वाचा. सगळी खुली असतात. आरोग्य खात्यात एक वाक्य सतत भेटेल: ही सेवेशी संबंधित बाब असल्याने थेट उत्तरासाठी एचएसईकडे पाठवली आहे. एचएसई म्हणजे २००५ पासून आरोग्यसेवा चालवणारी यंत्रणा. एखाद्या रुग्णाच्या तारखेबद्दल हे उत्तर योग्यच. धोरणाबद्दलच्या प्रश्नालाही तेच आलं, तर ती टोलवाटोलवी. मी दहा उत्तरं घेतो आणि टोलवलेली मोजतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

पायरी ६. आकडा मंत्र्याच्या भाषणातून घेऊ नका. २०२४ च्या निवडणुकीआधी सरकारमधली मंडळी सांगत होती की वर्षाअखेर चाळीस हजारांच्या आसपास घरं होतील. जानेवारीत केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने पूर्ण झालेली घरं मोजली, ३०,३३०. त्याच वर्षी बांधकाम सुरू करण्याच्या सूचना मात्र साठ हजारांहून जास्त घरांच्या होत्या, कारण शुल्कमाफीची मुदत संपत आल्याने बिल्डरांनी रांग लावली होती. सूचनेत कोणी राहायला जात नाही. पूर्ण झालेली घरंच मोजा.

पायरी ७. सप्टेंबरअखेर येणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि वर्षाअखेरच्या पुरवणी मागण्या चाळा. लोकलेखा समितीपुढे खात्याचा सचिव उभा राहतो, मंत्री नाही. तिथल्या खडाजंगीवरून मंत्र्याला गुण देऊ नका.

राजीनामा हा पुरावा धरू नका. फ्रान्सिस फिट्झगेराल्ड यांनी एका पोलीस प्रकरणावरच्या वादात नोव्हेंबर २०१७ मध्ये उपपंतप्रधानपद सोडलं. पुढच्याच वर्षी चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाने म्हटलं की त्या योग्यच वागल्या होत्या. मला त्यांच्या पानावरची ओळ खोडावी लागली.

मतदारसंघातली कामंही धरू नका. इथे एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात आणि लोक १, २, ३ असा पसंतीक्रम देतात, म्हणजे मंत्र्याला स्वतःच्याच पक्षाच्या जोडीदाराची धास्ती. २०१२ मध्ये आरोग्य केंद्रांच्या यादीत मंत्री रायली यांच्या मतदारसंघातली स्वॉर्ड्स आणि बॅलब्रिगन ही दोन ठिकाणं आली आणि त्यांच्याच खात्याच्या राज्यमंत्री रोशीन शॉर्टल यांनी राजीनामा दिला. रायलींनी पक्षपाताचा आरोप नाकारला. मी यादी कशी बनली त्याचे निकष बघतो. दारातून आत सरकवलेली "मी तुमच्यासाठी आणलं" ही पत्रकं थेट रद्दीच्या डब्यात.