लहरी मेपलच्या गिटारला घरी फिनिश देताना या चुका टाळा

बॉडी कापून, घासून झाली की 'आता फक्त रंग मारायचा राहिलाय' असं वाटायला लागतं. एकरंगी गिटारला हे चालून जातं. प्रायमर, वर काळा नाहीतर पांढरा रंग, खालची भानगड खाली. फ्लेम (पट्ट्यांसारखी लहर) किंवा क्विल्ट (गोधडीसारखी लहर) मेपलचा टॉप, म्हणजे बॉडीची पुढची फळी, असेल तर मात्र झाकायची सोयच नाही. या लाकडाचे तंतू वाढतानाच नागमोडी गेलेले असतात. त्यामुळे कापलेल्या फळीवर एका पट्टीत तंतू आडवे येतात, शेजारच्या पट्टीत त्यांची टोकं वर येतात. टोकं रंग जास्त पितात आणि उजेडही वेगळा परतवतात, म्हणून गिटार हातात फिरवली की पट्टे सरकल्यासारखे दिसतात. शेवटच्या थरातून दिसणारी बहुतेक खोट पहिला थर देण्याआधीच केलेली असते, आणि ती काढायची तर पुन्हा उघड्या लाकडापर्यंत जावं लागतं. म्हणून इथे जास्त शब्द लाकडावर खर्च केलेत, चकाकीवर कमी.

टॉप किती जाड आहे ते न बघता घासणं

सहा मिलिमीटरचा मेपल चिकटवलेला असेल तर घासायला भरपूर वाव आहे. पण स्वस्त किटमधला 'मेपल टॉप' म्हणजे बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. त्यावर ऑर्बिटल सँडर फिरवला तर कडेला खालचं लाकूड कधी उघडं पडलं ते कळतसुद्धा नाही, आणि त्याला इलाज नाही. विनिअर हातानेच घासायचं, २४० किंवा ३२० च्या पेपरने (आकडा मोठा तितका पेपर बारीक), तेही बेताने.

अशा किटांची दुसरी खोड म्हणजे कारखान्यातून कधी कधी सीलरचा, म्हणजे लाकूड बंद करणाऱ्या थराचा, एक पातळ हात मारूनच येतात. मग डाय, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, कुठे शिरतो, कुठे वरच्या वर राहतो. आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब तसाच उभा राहिला तर सीलर आहे. हळूहळू मुरला आणि जागा गडद झाली तर लाकूड उघडं आहे.

चरे आणि गोंद: डाय लागला की उघडे पडतात

कच्च्या मेपलवर सगळं गुळगुळीत दिसतं. डाय लागताच आडवे चरे, सँडरने उमटवलेले बारीक गोल भोवरे, सगळं एकदम वर येतं, कारण चऱ्यात रंग साठतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे १२० च्या पेपरवरून थेट २४० वर मारलेली उडी. १२०, १५०, १८०, २२० असं पायरीपायरीने या. शेवटचा हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने आणि पेपर ठोकळ्याला गुंडाळूनच; नुसत्या बोटांनी घासलं की बोटांएवढे खड्डे पडतात आणि ते चकचकीत फिनिशमध्ये लांबूनही दिसतात.

काही जण उलट्या टोकाला जातात आणि ८०० पर्यंत घासत बसतात. मेपल घट्ट लाकूड आहे, इतकं घासलं की त्याला स्वतःचीच चकाकी येते आणि ते डाय नीट पीत नाही. २२० ला, फार तर ३२० ला थांबा. अपवाद फक्त कार्व्ह्ड, म्हणजे कोरून फुगीर केलेल्या, टॉपच्या उताराचा. तिथे तंतूंची टोकं उघडी पडलेली असतात आणि तेवढाच भाग काळवंडतो. ती पट्टी ४०० पर्यंत घासली तर रंग बऱ्यापैकी सारखा बसतो.

गोंदाचं प्रकरण जास्त छळतं. बुकमॅचच्या (एकच फळी चिरून पुस्तकासारखी उघडून जोडलेल्या टॉपच्या) मधल्या जोडावर किंवा बाइंडिंगच्या (बॉडीच्या कडेच्या पट्टीच्या) कडेला फेविकॉल बाहेर येतो, आपण ओल्या फडक्याने पुसतो आणि गेला म्हणतो. तो जात नाही. पातळ होऊन तंतूंत शिरतो, आणि तिथे डाय न लागल्यामुळे फिकट डाग राहतो. त्यापेक्षा बाहेर आलेला गोंद अर्धवट सुकून चिवट होऊ द्या आणि मग पटाशीने उचला. इन्स्टंट गोंदाचंही तेच. बाइंडिंग त्याने चिकटवणार असाल तर शेजारच्या मेपलवर आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक बारीक हात फिरवा. सुकल्यावर तेवढा भाग घासून घेतला की झालं.

डाय लावण्याआधी एक तपासणी मात्र चुकवू नका. खोलीतले दिवे बंद करा, टॉपवर मिनरल टर्पेंटाइनचं ओलं फडकं फिरवा आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. मेपल ओलं होऊन गडद होतं, गोंदाचे डाग तसेच फिकट राहतात, आणि चरा असेल तिथे टॉर्चच्या उजेडात बारीक सावली पडते. सापडलेल्या जागांवर पेन्सिलने हलकी खूण करा, पण टर्पेंटाइन पूर्ण उडून गेल्यावरच घासा. ते पाण्यासारखं लाकूड फुगवत नाही, म्हणून ही तपासणी कितीही वेळा करता येते.

चुकीचा रंग, चुकीचा क्रम

हार्डवेअरच्या दुकानात 'वुड स्टेन' मागितलं तर पुष्कळदा पिगमेंटवाला डबा हातात पडतो. पिगमेंट म्हणजे रंगाची बारीक पूड. ती लाकडावर बसते आणि लहरीवर धुकं चढवते. आपल्याला हवा तो डाय, पूर्ण विरघळणारा. कपडे रंगवायची पुडी किंवा शाई वापरून पहिल्या दिवशी सुंदर निळा मिळतो, पण तो उन्हात टिकत नाही. १९५८ ते १९६० मधल्या गिब्सनच्या सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) लेस पॉल गिटारींवरचा लाल डाय असाच उडाला. काही गिटार तर जवळजवळ नुसत्या पिवळ्या उरल्या. आज त्यांना लाखो डॉलर मिळतात हे खरं, पण त्यासाठी गिब्सनचं नाव आणि साठेक वर्षं लागतात. घरच्या गिटारला मेटल कॉम्प्लेक्स प्रकारचा डाय घ्या, तो उजेडाला बराच टिकतो.

लहर उठवायची नेहमीची रीत अशी: आधी गडद डाय लावायचा, सुकू द्यायचा, मग २२० किंवा ३२० ने घासून काढायचा. आडव्या तंतूंवरचा रंग निघतो, टोकांत शिरलेला राहतो, आणि वर खरा रंग चढवायचा. इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, घासताना हात आखडतो आणि सगळा टॉप मळकट राहतो. पट्ट्यांमधलं लाकूड जवळजवळ मूळ रंगावर येईपर्यंत घासा, अर्थात विनिअर नसेल तर. दोन, पिवळ्या किंवा मधाच्या रंगाखाली काळा डाय वापरला जातो. काळा आणि पिवळा मिळून शेवाळी झाक येते. पिवळ्याखाली तपकिरीच हवा. काळा हा निळ्या, जांभळ्या, लाल रंगांखाली.

निळ्याची गंमत वेगळीच. मेपल स्वतः किंचित पिवळट, वरचं लॅकरही (चकाकीचा पारदर्शक थर) पिवळट आणि काळाबरोबर आणखी पिवळं होत जाणारं. निळा हिरवा दिसायला लागतो. निळ्यावर पिवळं न पडणारा क्लिअरच हवा: पाण्यावरचा किंवा नॉन-यलोइंग पीयू (पॉलियुरेथेन).

डाय सुकल्यावर रंग निस्तेज, खडूसारखा दिसतो. इथे घाबरून पुन्हा पुन्हा हात मारू नका. स्पिरिटचा डाय असेल तर टर्पेंटाइनच्या ओल्या फडक्याने हलकेच पुसून बघा, लॅकरखाली जवळपास काय दिसणार ते कळतं. आणि हे सगळं आधी टॉपच्याच उरलेल्या तुकड्यावर, शेवटच्या क्लिअरच्या थरापर्यंत करून बघायचं. पाइनच्या फळीवर केलेला नमुना काहीही सांगत नाही.

पाण्यात कालवलेला डाय वापरणार असाल तर आधी टॉप नुसत्या पाण्याने ओला करून सुकवा आणि उभे राहिलेले तंतू ३२० ने अलगद कापून घ्या. नाहीतर ते डायनंतर उभे राहतील आणि घासताना रंग घेऊन जातील.

पहिला थर देताना डाय ज्यात विरघळतो तेच द्रावण वापरलं तर रंग ओढला जातो. स्पिरिटच्या डायवर चपडा बोळ्याने लावला की बर्स्टची कड विस्कटते. स्पिरिटच्या डायवर पहिले एकदोन थर फवाऱ्याने आणि कोरडसर द्या. पाण्याच्या डायवर चपड्याचा वॉशकोट, म्हणजे अगदी पातळ हात, निर्धास्त चालतो. मात्र वर पीयू किंवा पाण्यावरचा क्लिअर येणार असेल तर चपडा मेण काढलेला हवा, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही.

अळशीच्या तेलाने लहर खुलते हे खरं, पण तेल पूर्ण सुकायच्या आत लॅकर मारलं तर ते सुटतं. आणि तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पावसाळा, फवारा आणि गच्ची

जुलैत मुंबईत किंवा कोकणात नायट्रोसेल्युलोज लॅकर फवारलं की पाच मिनिटांत पांढुरकी साय येते. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. चपड्यालाही हा त्रास होतो. सुकल्यावर जाईल म्हणून वर आणखी थर मारत राहिलात तर साय आत कोंडली जाते. थांबा, कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रावण) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या. थर पुन्हा ओला होतो आणि पाणी निघून जातं. रिटार्डर घालून पावसाळ्यात काम रेटता येतं, पण मग प्रत्येक थर सुकायला जास्त वेळ द्यावा लागतो. मी तरी हे काम दिवाळीनंतरच काढावं असं सांगेन.

फर्निचरवाल्यांकडचं मेलामाइन सहज मिळतं आणि भराभर सुकतं, पण जाड थर दिला की पुढे तडकतं. टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायचा) पीयू टणक होतो, मात्र त्याचे थर एकमेकांत विरघळत नाहीत. घासताना वरचा थर फुटून खालचा लागला की नकाशासारखी रेघ दिसते आणि अख्खा थर पुन्हा द्यावा लागतो. नायट्रोत हा प्रश्न येत नाही, नवा थर जुन्यात मिसळतो. टू-पॅकच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. एन-९५ मास्क इथे काहीच कामाचा नाही. योग्य श्वसनसाधन आणि जागा नसेल तर फवारणी एखाद्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजकडून करून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. घरी करायचंच तर पाण्यावरचा क्लिअर पुष्कळ सोपा.

लॅकरची वाफ भडका घेणारी असते. बाल्कनीत फवारताना आतला गॅस गिझर लक्षात राहतो, देवघरातली समई राहत नाही.

थर मध्येच फाकून माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळं दिसली तर ते सिलिकॉन: गाडीचं पॉलिश, केसांचं सीरम, त्याच हातांनी उचललेली बॉडी. थर सुकू द्या, घासा, स्वच्छ पुसा, आणि हातमोजे घाला. ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. पूर्ण कडक झाल्यावर ब्लेडने खरवडा. संध्याकाळी दिव्याभोवतीचे किडे चिकटले तरी हाच नियम.

मागची बाजू महोगनीची असेल तर तिची छिद्रं भरावी लागतात, मेपलला गरज नसते. गडद फिलर मेपलच्या कडेत शिरला की निघत नाही, म्हणून टॉपला आधी सीलर मारून घ्या.

भोकं आणि नेकचा खाच

ब्रिजची भोकं फिनिशनंतर पाडली की कडेचं लॅकर टवके होऊन उडतं. आधीच पाडा, आणि काउंटरसिंकने (भोकाची कड उतरती करणाऱ्या ड्रिल-बिटाने) कड किंचित उतरती करा. नाहीतर बुशिंग (भोकात बसणारी धातूची नळी) ठोकताना लॅकरला तडा जातो. नेकचा खाच, म्हणजे बॉडीत नेक बसते ती जागा, टेपने झाका. आत दोन्ही बाजूंना थर चढले की घट्ट बसणारी नेक दाबताना कडेवर भेग पडते, आणि ही भेग नव्या गिटारवर फार वेळा दिसते.

पाण्याने घासताना याच भोकांतून पाणी उघड्या लाकडात जातं, लाकूड फुगतं आणि भोकाभोवती लॅकर उचललं जातं. भोकांत मेण भरा, किंवा पाण्याऐवजी टर्पेंटाइनने घासा.

घाई

नायट्रो दुसऱ्या दिवशी कोरडं वाटतं, पण ते कित्येक दिवस आक्रसत राहतं. तीन-चार आठवडे न थांबता बफ केलं तर महिन्याभराने लाकडाच्या रेषा पुन्हा वर उमटतात. नाक लावून बघा. थिनरचा वास येत असेल तर अजून तयार नाही. मग १०००, १५००, २००० असं ठोकळ्यावर घासत जा, कडांपासून थोडं आत राहून, कारण थर तिथेच सगळ्यात पातळ असतो. ड्रिलवरचा बफ एका जागी थांबवू नका, उष्णतेने लॅकर सरकतं.

शेवटी स्टँड. बऱ्याच स्टँडवरची मऊ नळी नायट्रोशी प्रक्रिया करते आणि गिटार जिथे टेकते तिथे लॅकर चिकट होऊन सोलून निघतं. नळीवर सुती कापड गुंडाळा किंवा गिटार केसमध्ये ठेवा.