केंदाळ शिमग्यानंतर काढा, खत रोहिणीला तयार ठेवा

शिमगा झाला की मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगेचे पाणी उतरते आणि बंधाऱ्यांमागे, तळ्यांत, नाल्यांत केंदाळ म्हणजे जलपर्णी काठापर्यंत दाटते. ती उपसायची हीच वेळ. पावसाळ्यात तीच वाहत जाऊन पुलाखालच्या मोरीला अडकते, पाणी तुंबते, आणि बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातल्या भाताचे काय होते ते तिथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मूळची ही दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचे झाड म्हणून बंगालमार्गे आपल्याकडे शिरली. जांभळ्या फुलावरचा पिवळा डोळा पाहिला की आणणाऱ्याला फार दोष द्यावासा वाटत नाही. पण सांडपाण्याचे खाद्य मिळाले की दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि बी चिखलात 15-20 वर्षे जिवंत राहते. म्हणून फुलावर येण्याआधीच काढा.

हिरव्या केंदाळात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असते. ओले ट्रॉलीत भरून रानात नेणे म्हणजे पाणीच वाहणे. काठावर पातळ पसरून 3-4 दिवस उन्हात सुकू द्या, मग उचला. मात्र वळवाच्या पावसात पुन्हा पाण्यात जाईल इतक्या जवळ ढीग सोडू नका. उतरताना गमबूट घाला, कमरेला दोर बांधा आणि दुसऱ्या माणसाला काठावर उभे करा. ढिगात साप असतो. सार्वजनिक तळे असेल तर आधी ग्रामपंचायतीला विचारा.

सुकलेले केंदाळ कडबा कुट्टी यंत्रातून बारीक करून काढा. वीतभर थर, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण), थोडी जुनी माती, असे करत 4 फूट उंच, 5 फूट रुंद ढीग रचा. उसाचे पाचट असेल तर मध्ये घाला, हवा खेळती राहते. दर पंधरवड्याला पलटी द्या. आतून हाताला चटका बसेल इतकी उष्णता यायलाच हवी. थंड ढिगात बी मरत नाही. गांडूळ सोडायचे तर ही उष्णता उतरल्यावरच. मार्चमध्ये लावलेला ढीग मेअखेर, म्हणजे रोहिणीच्या भातपेरणीच्या सुमारास वापरायला येतो. या खतात पालाश (पोटॅश) चांगले असते, त्यामुळे ऊस आणि हळदीला मानवते. खत करायला सवड नसेल तर सुकलेले केंदाळ उसाच्या सरीत आच्छादन म्हणून पसरा, तेवढीच पाण्याची एखादी पाळी लांबते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. हे झाड पाण्यातले जड धातू मुळांत ओढून घेते. शहराच्या गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी येणाऱ्या नाल्यातले केंदाळ भाजीपाल्याला घालू नका. बांधावरच्या बांबूला, सागवानाला टाका. तसले जनावरालाही नको. स्वच्छ तळ्यातले असले तरी सुकवून, कडब्यात मिसळून थोडेच द्या, नुसते नको. त्यात ऑक्झलेट असते, आणि पाण्याने पोट भरते, अंगी लागत नाही.

तणनाशक मारू नका. सगळे एकदम कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. नुसत्या खताच्या आशेने तळे कधी मोकळे होणार नाही हेही खरे; केंदाळ खाणारे भुंगे 1980च्या दशकात बेंगळुरूच्या तळ्यांत सोडले होते, पण त्यांना वेळ लागतो आणि ते काम सरकारी खात्याचे. आपण मोरीच्या वरच्या अंगाचे आधी काढावे.

उंच वाढलेले दांडे मात्र वेगळे ठेवा. पाने-मुळे छाटून कडक वाळवले की त्यांची वेणी घालून टोपल्या, चटया होतात; आसामात महिला हे करून विकतात. गावातल्या बचत गटाला पहिली मोळी फुकट द्या. दांडा दोन फुटांपेक्षा आखूड असेल तर विणायला जड जाते, तो सरळ ढिगात घाला.