शाळेतल्या स्कँडलवर थ्रिलर लिहायचाय? आधी स्टाफरूममध्ये कोण गप्प आहे ते बघा

शिक्षक आणि स्कँडल म्हटलं की नवीन लेखकांच्या डोक्यात एकच सीन येतो, सर, विद्यार्थिनी, रिकामा वर्ग, बाहेर पाऊस. नका ना लिहू. मूल १८ च्या आतलं असेल तर ते अफेअर नाहीच, गुन्हा आहे, आणि त्याला मागे बासरी लावणं अगदीच घाण वाटतं. शिवाय थ्रिलर त्या खोलीत नसतोच, कुणाला कळलं, कळूनही कोण गप्प बसलं आणि गप्प बसून त्याला काय मिळालं, खरी मजा तिथे आहे.

झोई हेलरची २००३ ची 'नोट्स ऑन अ स्कँडल' बघा. विद्यार्थ्याशी संबंध ठेवणारी शिक्षिका आहे, पण गोष्ट सांगते तिची वयस्कर सहकारी, आणि हिच्या हाती गुपित लागल्यावर ही तक्रार करत नाही, तर त्याच जोरावर तिला स्वतःजवळ बांधून ठेवते. म्हणून आधी निवेदक ठरवा. आपल्याकडे शाळेचा क्लार्क घ्या, मस्टर, पगारबिलं, रजेचे अर्ज सगळं त्याच्याच टेबलावरून जातं. नाहीतर शिपाई मामा, ज्यांच्याकडे चाव्या असतात आणि ज्यांच्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात कारण मामांना कोण मोजतंय.

मग ठरवा की खरं काय ते प्रेक्षकाला कधी सांगणार. 'द हंट' या २०१२ च्या डॅनिश सिनेमात लहान मुलीच्या लैंगिक छळाचा आरोप झालेला माणूस निर्दोष आहे हे आपल्याला माहीत असतं, भीती गावाची वाटते. 'डाउट' या सिनेमात पाद्र्यावर तसाच संशय असतो, पण खरं काय ते शेवटपर्यंत नक्की कळतच नाही. दोन्ही चालतं, पण अर्ध्यात बदलायचं नाही. (आणि प्रत्येक गोष्टीत तक्रार खोटीच निघते हा ट्विस्ट आता पुरे, प्लीज.)

कायदा वाचाच, कारण प्लॉट तिथेच पडलाय. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवायचंच असतं, आणि स्टाफमधल्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे 'शाळेचं नाव खराब होईल, आपण आपसात मिटवू' म्हणणारे हेडसर त्या वाक्यालाच आरोपी होऊ शकतात, तुम्हाला वेगळा व्हिलन शोधायची गरज काय? मुलाचा जबाब घेणारे पोलीस युनिफॉर्ममध्ये नसतात. कोर्टात मूल आरोपीच्या समोर येऊ नये याची काळजी घेतात, त्यामुळे बोट दाखवून किंचाळायचा तो सीन कापा. आणि टीव्हीवर शाळेचं नाव झळकवणारा रिपोर्टर स्वतःच गोत्यात येतो, कारण मुलाची ओळख पटेल असं काहीही, अगदी शाळेचं नावही, कोर्टाच्या परवानगीशिवाय देता येत नाही.

हे सगळं झेपणार नसेल तर पैशाचं स्कँडल घ्या, मला तर तेच जास्त आवडतं. २०२५ मध्ये नागपुरात शालार्थ आयडी (शिक्षकांचा सरकारी पगार ज्या ऑनलाइन नंबरवर निघतो तो) घोटाळा बाहेर आला, बोगस शिक्षकांच्या नावाने सरकारी पगार. आता विचार करा, जुन्या तारखेची ऑर्डर काढून भरती झालेल्या मॅडम आहेत, शिकवतात झकास, पोरं जीव टाकतात, लाखो रुपये देताना नवऱ्याने शेत विकलंय, आणि आपला तो क्लार्क जुन्या मस्टरमध्ये त्यांची सही शोधतोय.