काचेच्या टाकीतला बंगालचा उपसागर

बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पसरून राहतं. समुद्रविज्ञानाच्या आमच्या व्हिडिओसाठी हे नागपुरात, घरच्या फिशटँकमध्ये दाखवायचं होतं. खाली लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेलं पाणी, वर निळा रंग टाकलेलं गोडं पाणी. पण ओतलं की सगळं एकजीव! उपाय सापडला थर्माकोलच्या पातळ तुकड्यात. तो खाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवला आणि सलाइनच्या नळीनं बारीक धार त्यावर सोडली. पाणी आडवं पसरत गेलं, दोन थर स्वच्छ वेगळे दिसले. काचेला बुडबुडे चिकटत असतील तर नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा. शूटिंगपुरता कूलर मात्र बंदच! मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण त्याच्या थरथरीनं मधली सीमा हलते. टाकी एका बाजूनं किंचित उचलून हळूच ठेवली की त्याच सीमेवर मोठ्या, संथ लाटा फिरतात आणि वरचा पृष्ठभाग जवळजवळ सपाटच राहतो. ते दृश्य नक्की टिपा.