क्लिंगॉनमधलं जाणं-येणं, नवीन शिकणाऱ्यांसाठी

मी गोव्यातल्या चोडण बेटावरची. कॉलेजसाठी रोज फेरीबोटीने रायबंदरला जायचे, आणि भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो अ‍ॅपवर 2018 मध्ये क्लिंगॉनचा कोर्स आला तेव्हापासून धक्क्यावर लाईनीत उभं राहून आणि बोटीत बसून माझा बराचसा अभ्यास झाला. हल्लीच सुरू केलेल्या दोघातिघांनी एकच विचारलं, की जाण्या-येण्याची क्रियापदं सगळी सारखीच का वाटतात, म्हणून हे लिहितेय.

क्लिंगॉन ही स्टार ट्रेकमधल्या परग्रहवासीयांची भाषा, भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँडने ती 1984 च्या स्टार ट्रेक सिनेमासाठी बांधली, पुढच्याच वर्षी त्याचा शब्दकोश आला. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. उच्चारात आपलं बरं आहे, कारण ड आणि ष मराठी जिभेला शिकवावे लागत नाहीत.

पहिलं क्रियापद 'जाख', म्हणजे जाणे. शेवटचा ख घशात घासून म्हणायचा. आपलं 'जा' त्यातच दिसतं म्हणून पाठ पटकन होतं, पण तिथेच फसायला होतं. मराठीत नदीकडे, नदीवर, नदीत हा फरक आपण नामाच्या मागे काय लावतो त्यावर कळतो. क्लिंगॉनमध्ये 'डाक' हा एकच प्रत्यय या सगळ्याला चालतो, म्हणून खरा अर्थ क्रियापदाच्या आधी लागणाऱ्या उपसर्गात बघायचा. 'बिक्ख्तिक विजाख' म्हणजे मी नदीकडे जाते, 'वि' सांगतो की जाणारी मी आणि नदी हे कर्म आहे, म्हणजे पोचायचं ठिकाण. 'बिक्ख्तिकडाक जिजाख' म्हटलं की कर्मच नाही, मी नदीतच आहे आणि तिथे पुढे चाललेय. म्हणजे घरातून मांडवीकडे निघाले की 'वि' आणि फेरीत बसून मांडवीतून चालले की 'जि', मला हे असंच डोक्यात बसलं. आणि 'बिक्ख्तिकडाक विजाख' म्हटलंत तरी अर्थ नदीकडे असाच, डाक तिथे जादाचा आहे पण चूक नाही. मी सुरुवातीचे कितीतरी महिने सगळीकडे डाक लावून 'जि' म्हणत होते, शेवटी ऑनलाइन बोलताना एकाने विचारलं की तू नदीत काय करतेयस, तेव्हा उलगडलं.

दुसरं 'घोष', यातला घ पण घासलेला. शब्दकोशात याचे अर्थ जवळ येणे, दूर जाणे, पुढे जाणे, येणे, मार्ग धरून चालणे असे सगळे एकत्र दिलेत आणि ते वाचून नवीन माणूस घाबरतो. घाबरू नका, आपल्याकडे घराबाहेर पडताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते हं' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. घोषला येणं की जाणं यात रस नाही, तुम्ही कुठल्या वाटेवर आहात त्यात आहे. 'खे' म्हणजे मार्ग, 'खे विघोष' म्हणजे मी मार्ग धरून चाललेय. ठिकाण नुसतं कर्म म्हणून आलं की त्याच्याकडे, ठिकाणाला 'वो' प्रत्यय लागला की तिथून दूर. माणूससुद्धा कर्म होतो, 'खिघोष' म्हणजे इकडे ये, शब्दशः मला गाठत ये. मला हे वाक्य फार आवडतं, एका शब्दात सगळी हाक.

'लेंग' म्हणजे प्रवास करणे, भटकणे. याच्यावर वेळ घालवू नका, जिथे भटकंती म्हणायचंय तिथे वापरा.

'पाव' मात्र जपून. पाव म्हणजे पोचणे, आपण मुक्कामी पावलो म्हणतो तसंच, पण शेवटी घसा क्षणभर बंद केला की तो वेगळाच शब्द होतो आणि अर्थ होतो आदळणे. ओठ मिटून नाही म्हणताना आपण 'उं-उं' करतो ना, त्यात मधे घसा जसा अडतो तसंच. जहाज पोचलं आणि जहाज आदळलं यात एवढाच फरक, म्हणून रेकॉर्ड करून ऐका.

पाठांतराची कार्डं बनवताना नुसतं 'जाख = जाणे' असं लिहू नका. एका बाजूला 'वि'वालं पूर्ण वाक्य, मागे 'जि'वालं, आणि नदीच्या जागी तुमच्या गावातली रोजची जागा घाला.